शहराची परीक्षा पत्र्याखालच्या घरात

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही सरासरीवर विश्वास ठेवत नाही. एखादे ॲप सरासरी अर्ध्या सेकंदात उघडते असे कोणी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: शंभरातल्या शेवटच्या माणसाला किती वेळ लागतो? नव्याण्णव जणांचे काम झटपट झाले आणि एकाच्या मोबाइलवर चक्र तीस सेकंद फिरत राहिले, तरी सरासरी देखणीच दिसते. तो एक जण मात्र ॲप बंद करून निघून जातो. म्हणून आमच्याकडे यंत्रणेची परीक्षा तिच्या सर्वांत रखडणाऱ्या टोकाला घेतात.

हवामान बदलाला तोंड देण्यासाठी आपली शहरे जे काही करत आहेत, त्याची परीक्षाही अशीच घ्यावी, हे मला या लेखात सांगायचे आहे. योजनेचे नाव काय, किती कोटींची, किती झाडे, किती इलेक्ट्रिक गाड्या, हे सगळे नंतर. आधी विचारायचे ते असे: शहरातल्या सर्वांत तापणाऱ्या घरात, सर्वांत गर्दीच्या डब्यात आणि सर्वांत कमी मजुरीच्या कामावर या योजनेने काय बदलले? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल तर ती योजना कितीही हिरवी असो, न्याय्य नाही. आणि जी न्याय्य नाही ती फार काळ टिकतही नाही.

मी मुंब्र्यात राहतो आणि नवी मुंबईत नोकरी करतो. म्हणून उदाहरणे बरीचशी मुंबई आणि आसपासची आहेत. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, औरंगाबादच्या वाचकांना त्यांत आपला मोहल्ला सहज ओळखता येईल.

तापमापी कुठे ठेवली आहे?

हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतले असते. मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, फटी असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापी ठेवलेली असते. जगभर हीच पद्धत आहे आणि दोन ठिकाणांची तुलना करायला ती योग्यच आहे. मुंबईचे तापमान म्हणून आपण बातम्यांत ऐकतो ते मुख्यतः कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन केंद्रांचे. किनारपट्टीवर पारा किमान ३७ अंशांवर गेला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त असला, की उष्णतेची लाट मानली जाते.

आता गोवंडीतल्या पत्र्याच्या खोलीत या. तिथे ना मोकळी जागा, ना पेटीच्या फटींतून खेळणारी हवा. पत्रा उन्हात तापतो आणि ती धग सरळ खाली फेकतो. भिंतीला भिंत चिकटलेली, खिडकी असली तर एकच, तीही गल्लीत उघडणारी. माळ्यावर उभे राहिले तर डोके पत्र्याला लागते. दिवसभर भिंतींनी पिऊन घेतलेली उष्णता रात्री घरातच उतरते. त्यात मुंबईची दमट हवा. घाम वाळला तरच शरीर थंड होते. हवेतच इतके पाणी असेल तर घाम वाळत नाही आणि शरीराचा पंखाच बंद पडतो.

माझी एक खाला अशाच खोलीत जरीकाम करते. मजुरी नगावर. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिचा हात घामाने सुईवर ठरत नाही, कापडाला डाग पडायची भीती असते, म्हणून ती दुपारचे काम सोडून देते आणि रात्री जागून भरून काढते. झोप जाते आणि कमाईही घटते. तिच्या कामाची वेळ कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्यामुळे तिचे नुकसान कोणाच्याच हिशेबात येत नाही. भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये माग चालवणाऱ्या कारागिराचे गणितही तेच. मीटरवर मजुरी, बाहेरचे ऊन, आत मोटारींची उष्णता. त्याचा वेग उतरला की त्याच आठवड्यात त्याच्या घरातला किराणा उतरतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ च्या अहवालात अंदाज दिला होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. हा आकडा वाचताना शेतकरी आणि बांधकाम मजूर डोळ्यांसमोर येतात, आणि ते बरोबरच आहे. पण घरात बसून जरी, शिलाई, पॅकिंग करणाऱ्या बाया त्या चित्रात सहसा नसतात.

उष्णता जीव घेते, हेही आपण जवळून पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. मंचावर छप्पर होते, समोर उघडे ऊन. सावलीत मोजलेला आकडा आणि उन्हात तासन् तास बसलेले शरीर यांत किती अंतर असते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळायला हवे होते.

कमी धूर, जास्त झळ

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे, हे त्याचे ध्येय. आराखडा अभ्यासपूर्ण आहे. गरीब वस्त्यांना पूर आणि उष्णतेचा धोका जास्त आहे, हे तो मान्यही करतो. त्यातल्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये शहराने सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितवायू सोडले, माणशी सुमारे १.८ टन. त्यातले ७२ टक्के इमारतींमधल्या आणि उद्योगांमधल्या ऊर्जेच्या वापरातून, २० टक्के वाहतुकीतून.

इथेही सरासरी फसवते. माणशी १.८ टन म्हणताना काचेच्या इमारतीतला चोवीस तास चालणारा एसी आणि दहा बाय दहाच्या खोलीतला एक पंखा यांची बेरीज करून भागाकार केलेला असतो. मी ज्या इमारतीत काम करतो तिथे मे महिन्यातही काही जण खुर्चीवर स्वेटर ठेवतात. त्या एसीने आतली उष्णता उचलून बाहेर टाकलेली असते, आणि बाहेर फाटकापाशी रखवालदार आणि जेवणाचे डबे पोचवणारी मुले उभी असतात.

वाहतुकीत तर उलटा न्याय आहे. लोकलने आणि बसने जाणारा माणूस शहरावर कार्बनचा सर्वांत कमी भार टाकतो. हवामान बदलाच्या भाषेत तो आदर्श नागरिक. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर खचाखच भरलेल्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. काही जण प्राणास मुकले, अनेक जखमी झाले. त्या वळणावरून मीही रोज जातो. ज्यांनी शहराचा धूर वाचवला त्यांना शहराने डब्यात उभे राहायला जागा दिली नाही.

बेस्टचे पाहा. एके काळी चार हजारांहून अधिक बस असलेल्या या उपक्रमाचा ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना आणि इलेक्ट्रिक बसना टोलमाफी सुरू झाली. दोन्ही निर्णयांच्या बाजूने स्वतंत्रपणे बोलता येईल. बेस्ट तोट्यात आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना सुरुवातीला उत्तेजन हवे. पण दोन्ही शेजारी ठेवा. पंधरा-वीस लाखांची मोटार घेणाऱ्याला पर्यावरणासाठी सवलत मिळते, आणि गोवंडी स्टेशनपासून शिवाजीनगरला बसने जाणाऱ्या बाईला भाडे दुप्पट. दोघांपैकी कोण कमी धूर सोडते, हे सांगायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

मरिन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या किनारी रस्त्यावर १३ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. त्यावर टोल नाही. शहराकडे पैसा नाही असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा मला हा रस्ता आठवतो.

छप्पर कोणाचे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्य घर योजना सुरू केली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल, ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान, महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज मोफत पडावी असा हिशेब. योजना चांगली आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर घ्यावी.

पण अनुदान मिळायला आधी स्वतःचे छप्पर लागते. मुंब्र्यात माझी इमारत सहा मजली; गच्चीवर टाक्या, आणि तीस बिऱ्हाडांपैकी निम्मी भाड्याची. गोवंडीतला पत्रा पॅनेलचे वजन पेलणार नाही आणि जागेचे कागद पूर्ण नाहीत. नोंदणीकृत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी अनुदान आहे, पण नोंदणीच नसेल तर? म्हणजे ज्याच्याकडे घर आहे त्याचे वीजबिल कमी होणार आणि ज्याच्याकडे नाही तो पूर्वीइतकेच भरत राहणार.

याला तांत्रिक उत्तर आहे. शहराबाहेरच्या किंवा एखाद्या शाळेच्या छपरावर पॅनेल बसवायचे आणि त्या विजेचा वाटा दूरच्या घरांच्या बिलात वळता करायचा. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये अशा सामाईक पद्धतीसाठी नियम केले. तारा बदलाव्या लागत नाहीत, हिशेब बदलावा लागतो. आणि हिशेब बदलणे हे तर आमच्या धंद्यातले रोजचे काम आहे. अडचण इच्छेची आहे. भाडेकरू हा कोणत्याच योजनेचा लाडका ग्राहक नसतो.

हिरवे काम, कच्ची नोकरी

हवामान बदलावरच्या उपायांतून लाखो रोजगार येतील, असे आपण ऐकतो. येतीलही. प्रश्न हा की ते कसले असतील.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टच्या मार्गावरची एक इलेक्ट्रिक बस भरधाव गर्दीत घुसली आणि अनेकांचे जीव गेले. बस खासगी पुरवठादाराकडून भाड्याने घेतलेली, चालक कंत्राटी. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. पण इलेक्ट्रिक बस चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण त्या चालकाला मिळाले होते का, हा प्रश्न तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. बसमधले इंजिन बदलले, आणि त्याच वेळी चालकाची पक्की नोकरीही गेली. पहिल्या बदलाची जाहिरात झाली, दुसऱ्याची नाही. धूर न सोडणारी बस हवीच. पण तिच्या सुकाणूवर बसणाऱ्याला पूर्ण प्रशिक्षण, पुरेसा पगार आणि विश्रांतीही हवी, तर ती बस रस्त्यावरच्या माणसासाठी सुरक्षित.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे आणि ते आशा देणारे आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. घरटी ठरलेले शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे, दोन्ही त्या बायांचे. त्यांच्या हातून वेगळा झालेला कागद, प्लास्टिक आणि धातू पुन्हा कारखान्यात जातो, कचऱ्याच्या डोंगरावर चढत नाही. जे काम आधीही त्याच करत होत्या, त्याला ओळखपत्र आणि हक्क मिळाला.

याच्या शेजारी देवनार ठेवा. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस साऱ्या शहराने घेतला आणि संशयाचे बोट आधी गेले ते भंगारवाल्यांकडे. काम तेच, शहरे दोन. पुण्यात कचरा वेचणारी बाई व्यवस्थेचा भाग आहे. देवनारला ती कुंपणावरून उडी मारणारी घुसखोर ठरते.

‘पण पैसा कुठून आणणार?’

हा आक्षेप मी ऑफिसात जेवताना वरचेवर ऐकतो. आधी विकास होऊ द्या, श्रीमंत झालो की गरिबांची घरे आपोआप थंड होतील. शिवाय या झोपड्या बेकायदा आहेत, त्यांच्यावर खर्च कशाला?

पैशाचे आधी पाहू. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासातून निघाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात अवाढव्य बांधकाम नव्हते. आधी इशारा द्यायचा, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखायला शिकवायचे, पाण्याची सोय करायची, बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग देण्याचे कामही जोडले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अंदाज बांधला की या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक मृत्यू टळले असावेत. किनारी रस्त्याच्या खर्चापुढे हा खर्च चिल्लर आहे.

पांढऱ्या छपरामागचे शास्त्र आपल्या आजीलाही ठाऊक होते. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो, काळा पिऊन घेतो. चांगला रंग दिलेल्या छपराखाली खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहू शकते. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. मोठ्या आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. महाराष्ट्रात हे का होऊ नये?

कमाई बुडते तिथेही मार्ग निघू शकतो. ‘सेवा’ या असंघटित कामगार बायांच्या संघटनेने उष्णतेचा विमा सुरू केला. पारा ठरावीक मर्यादेवर गेला की अर्ज, पंचनामा काही नाही, पैसे खात्यात. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे पन्नास हजार बाया त्यात होत्या. रक्कम फार नाही, आणि विम्याने खोली थंड होत नाही. तरी त्या दिवशी दुपारी विश्रांती घ्यायची की उपाशी राहायचे, ही निवड थोडी सोपी होते.

आता ‘आधी विकास’ या म्हणण्याकडे. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस सरकारने पर्यावरणासाठी इंधनावरचा कर आणखी वाढवायचे ठरवले. शहराबाहेर राहणाऱ्या, बस-रेल्वे नसलेल्या, गाडीवाचून कामावर जाऊच न शकणाऱ्या लोकांवर बोजा पडला. पिवळी जाकिटे घालून ते रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. त्या कराचा हेतू योग्य होता. बिल चुकीच्या घरी गेले. गरिबाला नंतर पाहू म्हणणारी हवामान योजना शेवटी कागदावरच राहते, कारण तिच्या मागे उभे राहायला लोकच नसतात.

उचलून टाकणे हा उपाय नव्हे

बेकायदा वस्तीच्या प्रश्नाला मी टाळत नाही. नाल्याच्या काठी, डोंगराच्या उतारावर, खाडीच्या कडेला घर असणे धोक्याचेच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने ते दाखवून दिले. असा पाऊस पुढे वारंवार येऊ शकतो. काही घरे हलवावी लागतील. पण कुठे आणि कोणाला विचारून?

तानसा जलवाहिनीच्या काठावरची कुटुंबे हलवली गेली ती माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. लोक आजारी पडू लागले, आंदोलने झाली, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की तिथे राहायची सक्ती करू नका, घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे द्या. पाण्याच्या नळापासून उचलून विषारी हवेत टाकणे, याला पुनर्वसन म्हणत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासासाठी देवनार क्षेपणभूमीची १२४ एकर जमीन द्यायला मंजुरी दिली, तेव्हा म्हणूनच आपले कान टवकारले गेले पाहिजेत. कचऱ्याच्या जमिनीवर कोणाला आणि कोणत्या अटींवर राहायला पाठवणार, हे आत्ताच विचारायचे आहे, इमारती उभ्या राहिल्यावर नाही.

मुंब्रा कसे वाढले, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबे जीव मुठीत धरून इथे आली. आजही चांगल्या वस्तीत घर बघायला गेले की नाव ऐकून दलालाचा सूर बदलतो. म्हणजे आपण कुठे राहतो हे पूर्णपणे आपण निवडलेले नाही. मग त्या जागेच्या धोक्याची शिक्षा फक्त आपण का भोगायची? आणि हे एकट्या मुसलमानांचे दुखणेही नाही. त्याच पत्र्याखाली दलित कुटुंबे आहेत, मराठवाड्यातल्या दुष्काळातून आलेली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. उष्णता आडनाव विचारत नाही. छप्पर मात्र विचारते.

या लढ्याला आता घटनेचा आधारही आहे. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा अनुच्छेद १४ आणि २१ मधून येतो. २१ म्हणजे जगण्याचा हक्क. पण १४ कडेही लक्ष द्या, तो समानतेचा. हवामान बदल हा समानतेचा प्रश्न आहे, हे आता केवळ कार्यकर्त्यांचे भाषण राहिलेले नाही.

मग आपण काय मागायचे?

मुंबईचा हवामान आराखडा जाहीर झाला त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे आराखड्याच्या अगदी पहिल्या वर्षांत ‘माझ्या गल्लीत काय झाले?’ असे सभागृहात विचारणारा नगरसेवकच नव्हता. म्हणून विचारायचे काम आपल्यावर आले आहे. माझ्या मते या पाच गोष्टी मागाव्यात.

पहिली, मोजणी. प्रत्येक प्रभागात पत्र्याच्या घरांच्या आत तापमान आणि आर्द्रता मोजली जावी. नोंद ठेवणारी छोटी यंत्रे आता काहीशे रुपयांत मिळतात. आपल्या कॉलेजातली मुले-मुली एका उन्हाळ्यात साऱ्या मोहल्ल्याचा उष्णता नकाशा तयार करू शकतात. जे मोजले जात नाही त्यासाठी अर्थसंकल्पात रक्कम ठेवली जात नाही.

दुसरी, छप्पर. दर वर्षी मार्चच्या आधी पालिकेच्या खर्चाने छपरांना पांढरा रंग. आधी अंगणवाड्या, पालिकेच्या शाळा आणि दवाखाने, मग घरे. कागद पूर्ण नसणे हे रंग न देण्याचे कारण असू नये. रंगाने मालकी सिद्ध होत नाही.

तिसरी, बस. स्वस्त भाडे, जास्त गाड्या, सावलीचे थांबे, आणि चालक-वाहकांना पक्की नोकरी. बसच्या तोट्याला तोटा म्हणणे आधी थांबवावे. रस्ता बांधतो तेव्हा आपण त्याला तोटा म्हणत नाही.

चौथी, कामाची वेळ. कडक उन्हाच्या दिवसांत नाक्यावरच्या मजुरांना आणि डिलिव्हरीच्या मुलांना दुपारची सुट्टी, पाणी, बसायला जागा. आणि घरात नगावर काम करणाऱ्या बायांची नोंद, म्हणजे भरपाईची वेळ आली की त्यांची नावे यादीत असतील.

पाचवी, हिशेब. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्पाचा अहवाल काढला, ही चांगली सुरुवात आहे. आता तो प्रभागवार द्यावा. एम पूर्व प्रभागात किती रुपये आले, कशावर गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

काही गोष्टींसाठी मागण्याचीही गरज नाही. आपल्या बहुतेक वस्त्यांत पक्के, नोंदणीकृत छप्पर असलेली एक तरी इमारत असतेच: शाळा, जमातखाना, मशीद. तिच्या गच्चीवर सौर पॅनेल बसू शकतात. मे महिन्याच्या दुपारी तिचा हॉल पंखे आणि थंड पाण्यासह उघडा राहू शकतो, बायांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी, शेजारच्या कोणत्याही धर्माच्या माणसासाठी. ट्रस्टींच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण माझ्यासारखेच इंजिनिअर आहेत किंवा होऊ पाहत आहेत. कोणी डेटा हाताळते, कोणी वायरिंग जाणते, कोणी कायदा शिकते, कोणाला नुसते चांगले मराठी लिहिता येते. पुढच्या वेळी शहरात एखादी हिरवी योजना जाहीर होईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी किंवा शिव्या घालण्याआधी तिला एकच प्रश्न विचारा: शंभरातल्या शेवटच्या घरात यामुळे किती अंश कमी होणार? उत्तर लेखी मागा, आणि उन्हाळा आला की तापमापी घेऊन ते तपासायला जा.